चार जीबीत न बसणारी बारी

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी ऑफिसात नेमकं काय करते हे माझ्या सासऱ्यांना पटलेलं नव्हतं. कळलं होतं, पटलं नव्हतं. "दुसऱ्यान केलेल्या कामात चुको काढूच्यो, ह्याच हिचा काम," असं ते डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत माझ्यादेखत सांगायचे आणि वर, "घरात ता ती सवयीन करता," अशी पुस्ती जोडायचे. मी सॉफ्टवेअरची चाचणी करते. लोअर परळमधली आमची कंपनी लहानशी आहे आणि एकच गोष्ट विकते: एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर पाठवायचं सॉफ्टवेअर. फोन कुठल्याही जातीचा असो, लॅपटॉप कुठलाही असो, फाइल कितीही मोठी असो, पोचणार म्हणजे पोचणार, अशी आमची जाहिरात. जाहिरात लिहिणारा आणि चाचणी करणारी मी, आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही, यातच काय ते समजा.

सासरे भजनी बुवा. म्हणजे पोटासाठी ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, गिरणी गेल्यावर आणखी बरंच काही केलं, पण कोणी विचारलं तर "बुवा" एवढंच सांगतात. मी गिरगावातली. आमच्याकडे गाणं म्हणजे जेवणं झाल्यावर रेडिओवर, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत पखवाज, पेटी, झांजा आणि सासऱ्यांचा गळा हे सगळं एका खोलीत एकदम सुरू झालं, तेव्हा मी ओट्याला धरून उभी राहिले होते. पुढे सवय झाली आणि नंतर आवडही लागली, हे मी माहेरी बराच काळ कबूल केलं नाही.

त्यांचा खरा जीव डबलबारीत. दोन बुवा समोरासमोर बसतात. ज्याची त्याची पेटी, ज्याचा त्याचा पखवाज, ज्याचे त्याचे साथीदार. एक बुवा आपली बारी गातो: आधी देवाला नमन, मग अभंग, गौळण, आणि शेवटी गजर, ज्यात समोरच्याला यथेच्छ टोमणे मारायचे. मग समोरच्याची बारी. त्याने उत्तर द्यायचं आणि व्याजासकट टोमणे परत करायचे. यात एक नियम कडक. समोरच्याची बारी चालू असताना जागेवरून हलायचं नाही. त्याने तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तरी बसून ऐकायचं, आणि त्याने एखादी जागा सुरेख घेतली तर मान डोलवायची. ती न डोलवणाऱ्या बुवाला छोट्या मनाचा समजतात.

सासऱ्यांचा समोरचा बुवा ठरलेला होता. साचेखात्यातला जोडीदार, आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहणारा. गिरणी बंद पडल्यावर ते मालवणजवळ आपल्या गावी निघून गेले, पण कधी ते इकडे येऊन, कधी हे तिकडे जाऊन, वर्षातून एक बारी व्हायचीच. मी त्यांना काका म्हणते. हे दोघं एरवी भेटले की एकमेकांशी एक धड शब्द बोलायचे नाहीत. "मेलंस नाय अजून?" ही त्यांची विचारपूस. माझ्या माहेरच्या माणसांनी हे एकदा ऐकलं आणि त्यांचं काहीतरी भांडण आहे असं समजून दिवसभर जपून वागले.

काकांना फुप्फुसाचं दुखणं लागलं आणि त्यांचा प्रवास बंद झाला. त्यांच्या सुनेचा मला फोन आला. डॉक्टर म्हणतात, दम आता कमीकमीच होत जाणार. चार वाक्यं बोलली की धाप लागते, पण पहाटे अजून एखादा अभंग गुणगुणतात. गळा किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. इकडे सासऱ्यांचे गुडघे गावच्या बसच्या लायकीचे राहिलेले नव्हते. मी निरोप सांगितला, तर ते पेटी काढून पुसत बसले. मग एका सकाळी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "तेचो गळो आसा तवसर एक बारी होवक व्हयी."

तोड माझ्या नवऱ्याने काढली. बाबांची बारी इथे फोनवर रेकॉर्ड करायची, गावी पाठवायची, काका टीव्हीवर बघतील. रविवारी सकाळी आम्ही खोलीतलं सामान गॅलरीत काढलं, सतरंजी अंथरली, नवऱ्याने फोन स्टँडवर लावला. सासरे कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले. पखवाजवाले आणि झांजवाले, सगळे साठीच्या पलीकडचे, आणि सगळ्यांना सारखी पोझ द्यायची हौस. पण गायला लागले आणि कॅमेरा विसरले. गजरात सासऱ्यांनी काकांच्या आजारपणालाही सोडलं नाही. सुनेच्या हातची पेज आयती मिळावी म्हणून माणूस कशी सोंगं करतो, अशा अर्थाचं काहीतरी होतं. गजर संपला. मी टाळ्या वाजवल्या, नवरा फोन बंद करायला उठला.

"हात लावू नको," सासरे म्हणाले. "आता तेची बारी."

पेटीचा भाता त्यांनी मिटला, हात मांडीवर घेतले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिले. साथीदारांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तेही बसले. एकाने खिशातून मोबाइल काढला, तर सासऱ्यांनी नुसती मान वळवली आणि मोबाइल परत खिशात गेला. चांगला पाऊण तास गेला असेल. मधेच एकदा त्यांनी भुवया वर केल्या, एकदा हसू दाबलं, आणि एकदा, मी नीट पाहिलं, मान डोलावली. मग सरसावून बसले, भाता उघडला आणि आपली दुसरी बारी सुरू केली. काका काय बोलले असतील हे त्यांना पाठच होतं, त्यामुळे उत्तर द्यायला अडचण नव्हती. मला आधी हसू येत होतं; नंतर मी नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

फाइल झाली सहा जीबीच्या वर.

इथून माझं खातं सुरू झालं. गावी जाणाऱ्या एका शेजाऱ्याकडे देऊ म्हणून मी घरातली पेनड्राइव्ह घेतली. तिच्यात बत्तीस जीबीची जागा, आणि सहा जीबीची फाइल म्हणे बसत नाही. हे मला नवीन नव्हतं. जुन्या पद्धतीने आखलेल्या, म्हणजे फॉरमॅट केलेल्या, पेनड्राइव्हमध्ये चार जीबीपेक्षा मोठी अशी एक अख्खी फाइल घालता येत नाही, बाकी कितीही जागा रिकामी असो. नव्या पद्धतीने आखून द्यावी, तर काकांच्या घरातला टीव्ही जुना, त्याला नवी आखणी वाचताच येणार नव्हती. सासरे हे सगळं ऐकत होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. "जागा आसा मां? मग बसत कशी नाय?"

"बाबा, मधला तो शांत भाग काढला ना, तर चारच्या आत येते," मी म्हटलं. "त्यात गाणं काहीच नाहीये."

"ती तेची बारी गो."

"पण त्यात कोणी गात नाही."

"तो गातलो मां! ता कापलंस तर मी एकटोच गातंय असा दिसतला." आणि वर, "एकटो बुवा डबलबारी करता, हसतीत लोक."

कोणी जाणकार हे वाचत असेल तर म्हणेल, अहो, चित्र थोडं हलकं करायचं, फाइल लहान होते. केलं होतं. नवऱ्याने मला न विचारता ती फाइल फार दाबली, मग रोजच्या मेसेजच्या ॲपवरून पाठवली, त्या ॲपने ती आणखी दाबली. काकांनी पाहिली आणि सुनेकरवी निरोप धाडला: "ह्यो कोण भुतासारखो बसलो हा? माका माझो बुवा होयो." मधला मार्ग निघाला असता, हे मला माहीत आहे. पण तोवर मी हट्टाला पेटले होते. कितीही मोठी फाइल पोचवणारं सॉफ्टवेअर मी रोज तपासते, आणि माझ्या घरची एक फाइल मालवणला पोचू नये?

म्हणून आमचंच सॉफ्टवेअर काकांच्या सुनेच्या फोनवर घालायला लावलं आणि लॅपटॉपवरून फाइल सोडली. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला. "ताई, पोचली म्हणता. हिरवी खूण पण इली. पण उघडत नाय." पुन्हा पाठवली. पुन्हा हिरवी खूण, पुन्हा उघडेना. मी तिला आलेल्या फाइलचा आकार बघायला सांगितला. दोन जीबीच्या थोडा वर. चार जीबी वाटेत कुठे गेले, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. चूक सापडली की मला आनंद होतो. सासरे म्हणतात त्यात तथ्य आहे.

सोमवारी ऑफिसात गेले. लॅपटॉपवरच्या आवृत्तीत फाइल किती मोठी याचे आकडे लिहायला भरपूर घरं होती; फोनवरच्या आवृत्तीत कोणीतरी कमी ठेवली होती. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येतो, तसं चार जीबी झाले की फोनचा हिशेब पहिल्यापासून. त्यामुळे सहाची फाइल त्याला दोनची वाटायची, तेवढी घेऊन तो खुशाल "पूर्ण" म्हणायचा. आमच्याकडे चाचणीसाठी मोठी फाइल होती, पण ती बनावट, नुसत्या शून्यांनी भरलेली. आमचं सॉफ्टवेअर पाठवायच्या आधी फाइल आवळून घेतं, आणि शून्यं काय, हवी तेवढी आवळतात. जाताना ती फाइल चार जीबीपर्यंत पोचायचीच नाही, म्हणून ही चूक कधी उजेडात आलीच नव्हती.

ही फोनची बाजू बघणारा आमचा प्रोग्रामर दादरचा, हुशार, आणि सतत घाईत. "मॅडम, फोनवर एवढी मोठी फाइल घेणार कोण?" तो म्हणाला. "बघूया पुढच्या महिन्यात."

"माझ्या सासऱ्यांचा दुष्मन घेणार आहे," मी म्हटलं, "आणि त्याला पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला वेळ नाही."

दुपारच्या बैठकीत मी मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ लावला, थेट मधूनच, काकांच्या बारीपासून. सगळे बघत राहिले. पडद्यावर एक म्हातारा मांडीवर हात ठेवून बसलेला.

"अडकलं वाटतं," साहेब म्हणाले.

"चालू आहे. मागे पंख्याचं पातं बघा."

"मग हे गात का नाहीत?"

"समोरच्याची बारी आहे," मी म्हटलं, आणि काय काय झालं ते थोडक्यात सांगितलं. प्रोग्रामर पुढे वाकून बघत होता. एकदम म्हणाला, "आत्ता त्यांनी मान डोलावली."

"हो."

"कशाला?"

"काकांनी जागा चांगली घेतली असेल."

त्या मुलाने त्याच दिवशी काम हातात घेतलं. मी त्याला सुखाने जगू दिलं असं नाही. आकड्याची घरं त्याने वाढवली, मी तपासलं. मधेच लाइन तुटून पुन्हा जोडली की पुढचा हिशेब परत जुन्याच लहान घरांत व्हायचा. पुन्हा त्याच्या टेबलाशी गेले. "तुमच्या घरात तुम्ही अशाच आहात का हो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सासऱ्यांचं मत तेच आहे. आठवडा सरता सरता नवी आवृत्ती तयार झाली. या सगळ्या दिवसांत सासरे रोज मी चपला काढायच्या आत विचारायचे, "ता गेला काय?" आणि मी नाही म्हटलं की गॅलरीत जाऊन उभे राहायचे. काकांच्या सुनेचे फोन यायचे त्यात पहाटेच्या गुणगुणण्याचा उल्लेख येईनासा झाला होता. मी तिला विचारलंही नाही. विचारलं असतं तर सासऱ्यांना सांगावं लागलं असतं.

शनिवारी फाइल सोडली. मधे गावची वीज गेली, लाइन तुटली, परत जुळली, आणि या वेळी हिशेब जिथे थांबला होता तिथूनच पुढे गेला. रविवारी सकाळी सुनेचा फोन. "ताई, उघडली! तुमचे बाबा दिसतत. घामाचो थेंब पण दिसता." मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला.

तिकडे सुनेने फोन टीव्हीला जोडला आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून आम्हाला लावला. इकडे आम्ही फोन सतरंजीवर मधोमध ठेवला, भोवती सासरे आणि त्यांचे साथीदार. पलीकडून टीव्हीवरचं गाणं ऐकू येत होतं, आणि त्यावर काकांची धापलेली टिप्पणी. "सूर बघ, सूर बघ. गिरणीचो भोंगो." सासऱ्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू कोणी हार घातलाय. गजर झाला. टीव्ही शांत झाला. आम्ही सगळे फोनकडे बघत होतो.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग काकांना सांगणारा सुनेचा आवाज, "मामा, बसान गावा, उठू नकात," आणि मग काकांनी नमन धरलं. आवाज आधी कागदासारखा पातळ होता. दोन ओळी, मग श्वास, मग पुढच्या दोन ओळी. इकडे पखवाजवाल्यांनी नकळत मांडीवर ठेका धरला. काकांनी अभंग घेतला, गौळण घेतली, दम घेत, पाणी पीत, एकदा शब्द विसरून स्वतःलाच शिवी देत. गजर लावला तेव्हा आवाज कुठून आला कोण जाणे, पण आला. इस्त्रीच्या सदऱ्यावर आणि मुंबईच्या नळाच्या पाण्यावर टोमणे सुरू झाले. सासरे हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही उघडपणे.

आणि काकांचा गजर ऐन भरात असताना पलीकडे टीव्हीवर पेटी वाजली. पाऊण तास संपला होता. पडद्यावरच्या सासऱ्यांनी भाता उघडून आपली दुसरी बारी सुरू केली होती, काकांच्या आवाजाच्या वर, खणखणीत.

सासरे ताडकन उठले. समोरच्याच्या बारीत ते उठलेले मी कधी पाहिले नव्हते. "बंद कर गो तेका!" ते फोनवर ओरडले. "बंद कर! तेची बारी संपूक नाय!"

सुनेने टीव्ही थांबवला. काका थांबलेच नव्हते. त्यांनी गजर शेवटापर्यंत नेला, सावकाश, एकही ओळ न गाळता, आणि मग खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "हां. आता चालू कर. गाऊंदे तेका."

दुसरी बारी सुरू झाली, पण सासरे ती ऐकत नव्हते. भिंतीला टेकून बसले होते. "माका वाटला, आजारी मनीस, थोडक्यात आटपतलो," ते मला म्हणाले. "म्हणान मी येळ कमी धरलंय. मीच."

मी म्हटलं, "बाबा, परत रेकॉर्ड करू. आता सॉफ्टवेअरला कितीही मोठी चालते."

त्यांनी मान हलवली, पुढे वाकून फोन हातात घेतला आणि कानाशी न लावता तोंडासमोर धरून विचारलं, "रे, पुढच्या बारीक तुका येळ किती ठेवू?"

पलीकडे पेटी चालू होती, टीव्हीवर सासरेच गात होते. काकांनी दोन श्वास घेतले.

"ठेव रे," ते म्हणाले. "भरपूर ठेव."